सतरा नंबरची जोडी

नाना,

मंगळवारी दुपारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला आणि मी खोटं बोलले. गुरुवारी पहाटे तुम्ही गेलात. मधल्या बुधवारी मी दोनदा दवाखान्यात येऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही शुद्धीवर नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे. पण तुमच्याशी बोलायचं तर मनातलं आधी टेबलावर टाकावं लागतं, नाहीतर तुम्ही कागद बाजूला सारून म्हणणार, "मंग असली गोट काय शे ते सांग."

तर खरी गोष्ट ही. धुळ्याच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची तुमची खाट. फुप्फुसात पाणी झालेलं. अक्का नवऱ्याला माझ्यावर सोपवून डबा आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क हाताने ओढून बाजूला केला. मी ओरडले, "नाना, मास्क!" तुम्ही ऐकाल तर ना.

"मंगल, सतरा नंबर. तुले दिसनं व्हतं ना?"

मी म्हटलं, "हो नाना, दिसलं होतं."

"मंग व्हयनं," झालं तर मग, एवढंच तुम्ही म्हणालात आणि मास्क स्वतःच नीट लावून घेतलात. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत.

मला दिसलं नव्हतं, नाना.

हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला काही उलगडणार नाही, म्हणून जरा मागून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच तुम्हाला पुन्हा ऐकावं लागेल. ऐका. बारा वर्षं मीही तेच केलं.

धुळ्याच्या कॉलेजात तुम्ही मला पदार्थविज्ञान शिकवलंत. पुढे मी सावद्याची पोर जळगावला लग्न होऊन आले, एका कॉलेजात शिकवायला लागले, पीएच.डी. अर्धी टाकून दिली. सासूबाईंचं अंथरूण, दोन लहान मुलं, आणि लांबच्या शहरातला मार्गदर्शक, ज्याला माझं नावही धड आठवत नसे. टाकून दिली म्हणजे कपाटावर फेकली. तेव्हा तुमचा फोन आला. निवृत्त होऊन तुम्हाला जेमतेम महिना झाला असेल. काय झालं, का सोडलं, असलं तुम्ही काहीच विचारलं नाही. म्हणालात, "आकाश फुकट शे, पोरी. लॅपटॉप तुनाजोडे शे. काय अडेल शे?" वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि खुशीत आलात की अहिराणी. त्या दिवशी अहिराणीत होतात.

मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या नोंदी काही वर्षांनी सगळ्यांसाठी खुल्या होतात, हे मला माहीत होतं. पण त्या धुळ्यात आणि जळगावात बसून वाचायच्या असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तुम्हाला हवा होता दीर्घिकांभोवतीचा वायू. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक मेळावा, आपली आकाशगंगा त्यातलीच एक. प्रत्येकीभोवती विरळ वायूचं मोठं आवरण असतं, पण ते स्वतः उजेड देत नाही, त्यामुळे दिसत नाही. ते बघायचं तर त्याच्या मागे एखादा दिवा पाहिजे. तो दिवा म्हणजे क्वेसार, फार दूरचा आणि फार झगझगीत. त्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूतून जातो आणि वायू त्यातला थोडासा खाऊन टाकतो. प्रकाशाची पट्टी पसरून आलेख काढला की खाल्लेल्या जागी खड्डे दिसतात.

मला हे तुम्ही धरणगावच्या जिनिंगसमोर उभं राहून समजावलंत. दिवेलागणीची वेळ, हवेत कापसाचा बारीक भुरका. तो नुसता दिसत नव्हता. समोरून ट्रक आला, त्याच्या दिव्यांत एकदम सगळा भुरका उजळला, ट्रक वळला की पुन्हा काही नाही. "बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "ट्रक मोजायचा नाही, भुरका मोजायचा." मी म्हटलं, नाना, आधी रस्त्याच्या कडेला व्हा.

आपण शोधायचो ती मॅग्नेशियमची खूण, आणि ती पट्टीवर कुठे पडते यावरून वायू किती दूर ते कळायचं. ती कधी एकटी येत नाही, दोन खड्डे शेजारी शेजारी, त्यांच्यातलं प्रमाण ठरलेलं, डावा नेहमी जरा खोल. तुम्ही तिला जोडी म्हणायचात, बैलांची म्हणतात तशी. ठसठशीत जोड्या संगणकच शोधून देतो. तुमचा सगळा जीव होता अशक्त जोड्यांवर, आलेखाच्या खरखरीत बुडालेल्या, ज्या यंत्र सोडून देतं आणि सरावलेला डोळा कधीकधी पकडतो. कधीकधी, हा शब्द तुम्ही दर वेळी जोर देऊन म्हणायचात. डोळा फसतोही. म्हणून नियम केलात. आलेख छापून दोघांनी वेगवेगळं बसायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, पत्रकं पाकिटात बंद करायची, आणि रविवारी धरणगावला भेटून एकदम उघडायची. दोघांची खूण एकाच जागी आली तर ती जोडी धरायची, एकाचीच आली तर सोडायची.

"दोन साक्षीदार एका ताटात जेवून कोर्टात गेले, तर ती साक्ष एकच," तुम्ही म्हणायचात.

धरणगाव का, तर दोघांनाही सारखंच गैरसोयीचं. तुम्ही धुळ्याहून दोन एसट्या बदलून यायचात, मी जळगावहून. स्टँडजवळच्या शेवभाजीच्या हॉटेलात पंख्याखालचं टेबल आपलं. रस्सा सांडून पत्रकांवर तांबडे डाग पडायचे. एकदा तुम्ही एका डागाला वीस मिनिटं निरखून पाहिलंत आणि मग म्हणालात, हा तेलाचा आहे. हॉटेलवाला आपल्याला निवडणुकीच्या याद्या तपासणारे समजायचा. आपणही त्याचा तो समज मोडला नाही.

भांडायचो किती! सगळ्यात मोठं भांडण वायू आत पडतोय की बाहेर चाललाय याचं. जोडीवरून एवढंच कळतं की तो वायू दीर्घिकेच्या मानाने आपल्यापासून दूर सरकतोय. पण तो दीर्घिकेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कळत नाही. अलीकडे असेल तर दीर्घिकेत पडतोय, पलीकडे असेल तर तिला सोडून चाललाय. आलेखात खूण दोन्हीची सारखीच. तुम्ही कायम आत पडतोय म्हणायचात. तुमचं गाव साक्रीकडचं, डोंगरातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. तुम्ही टेबलावर हात आपटून विचारायचात, "ऊस तोडाले गयेल माणसं परत येतस का नही?" मी म्हणायचे, नाना, हा काय पुरावा झाला का? आणि सगळेच परत येतात असंही नाही. तुम्ही म्हणायचात, सावद्याची माणसं केळी कच्ची असतानाच ट्रकात चढवतात, तशी तू निष्कर्ष हिरवे असतानाच काढतेस. ते भांडण मिटलं नाही. आता ते मी एकटीने कसं चालवू, मला समजत नाही.

तर सतरा नंबर.

अठरा पत्रकांचा तो शेवटचा गठ्ठा. दीर्घिकांची यादी तुम्ही केली होती, कोणत्या क्वेसारच्या वाटेशेजारी कोणती दीर्घिका आहे आणि ती किती दूर. ती यादी मला दाखवायची नाही, हाही तुमचाच नियम, म्हणजे मला जोडी कुठे असायला हवी ते आधी कळू नये. माझी सतरा पत्रकं झाली. राहिलं सतरा नंबरचं. चार दिवस कॉलेज सुटलं की मी स्टाफरूममध्ये ते पसरून बसायचे. ती पट्टी नेमकी त्या भागातली, जिथे आपल्याच पृथ्वीच्या हवेचा कचरा पडतो. सगळी खरखर. काहीच नव्हतं तिथे, नाना. चारही दिवस काही नव्हतं.

त्या आठवड्यात तुम्हाला ताप होता. रविवारी येणं जमेल की नाही म्हणून तुम्ही तुमचं पाकीट आधीच एसटीच्या कंडक्टरबरोबर जळगावला पाठवलंत. चिकटपट्टी लावलेलं, वर तुमच्या वळणदार अक्षरात 'उघडू नये'. शनिवारी दुपारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेलं होतं. वीज गेलेली, सासूबाई पलीकडून हाका मारताहेत, आणि माझ्या मनात एकच, की हे एवढं एक झालं की काम संपलं. मी चिकटपट्टी वाफेवर धरली. चहाचं आधण चढवलेलंच होतं. पट्टी सुरेख सुटून आली, हात पोळला तेवढाच.

बाकीची पत्रकं मी पाहिली नाहीत. फक्त सतरा. तुमची खूण होती, बारीक, उजव्या बाजूला. मी माझं पत्रक ओढलं, त्या जागी पाहिलं, आणि जोडी दिसली. शपथेवर सांगते, दिसली. डावा खड्डा जरा खोल, उजवा उथळ. चार दिवस नसलेली गोष्ट चार सेकंदांत दिसली, आणि मला वाटलं, अगं बाई, एवढं सरळ कसं सुटलं माझ्या नजरेतून? पेन्सिल उचलून मी खूण केली. मग पाकीट पुन्हा चिकटवलं.

रविवारी तुमचा ताप उतरला आणि तुम्ही आलात, गळ्याला मफलर गुंडाळून. पत्रकं उघडली. सोळापर्यंत नेहमीसारखं, कुठे जुळलं, कुठे नाही. सतरा शेजारी शेजारी ठेवल्यावर तुम्ही चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पट्टीने दोन्ही खुणा मोजल्या. मग खिशातून तुमची यादी काढून माझ्यासमोर धरलीत. सतरा नंबरची दीर्घिका वाटेपासून फार लांब होती, इतकी की तिथवर तिचा वायू पोहोचत असेल असं कुणी धरत नव्हतं. आणि जोडी बरोबर तिच्याच अंतराची. तुम्ही उभे राहिलात. त्या भर हॉटेलात ओरडलात, "बठ्ठास्ले जिलबी दे रे!"

हॉटेलवाल्याकडे जिलबी नव्हती. तुम्ही मफलर सोडून तसेच उन्हात गेलात आणि समोरून जिलबी आणलीत. तिथल्या सगळ्यांना वाटलीत. कुणाला वाटलं मुलगा झाला, कुणाला वाटलं नोकरी लागली. तुमच्या तोंडाला पाक लागलेला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य लागलं असतं. मी जिलबी खाल्ली.

मग लेख झाला. तुमचं नाव आधी, माझं नंतर. आपण ज्या नियतकालिकाकडे पाठवला, त्यांच्या तपासनिसाने बारीकसारीक विचारलं आणि शेवटी एक प्रश्न: दोन्ही वाचनं खरोखर स्वतंत्र होती का? उत्तराचा मसुदा माझ्याकडे होता. मी टाइप केलं की होती, दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या खुणा पाहिल्या नव्हत्या. एवढं स्वच्छ इंग्रजी वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

लेख छापून आल्यावर तुमच्या गावाने शाळेसमोर फ्लेक्स लावला, 'आपल्या गावाचा झेंडा दूरच्या आकाशगंगेत'. मधोमध तुमचा फेटा बांधलेला फोटो आणि शेजारी इंटरनेटवरून उतरवलेली कुठलीतरी भलतीच दीर्घिका. तुम्ही कपाळावर हात मारलात, पण फोटो मला तीनदा पाठवलात. थोरले आबा, तुमचे मोठे भाऊ, रोज शेतात जाताना त्या फ्लेक्सखाली बैलगाडी थांबवायचे म्हणे.

आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, त्याच पंख्याखाली, तुम्ही सहज म्हणालात, "सतरा नंबर आपण दोघं पुन्हा एकदा नव्याने बघू या का?"

मी काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. भडकले. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? बारा वर्षं हमाली करून घेतली आणि आता माझ्या डोळ्यांवर संशय? हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. तुम्ही भाकरी रश्श्यात कुस्करत बसलात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, ती मी, आणि माझा आवाजही तसाच चढला होता. तुम्हाला वाटलं असेल की आपण या पोरीचं मन दुखावलं. पुढचे दोन रविवार तुम्ही जास्तच मवाळ बोललात, माझ्यासाठी घरून अक्कांच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्या आणल्यात. त्या मला गिळवत नव्हत्या.

मंगळवारी तुम्ही मास्क काढून विचारलंत तेव्हा मी स्वतःला सांगितलं, हा मरणाच्या दारातला माणूस आहे, त्याला समाधानाने जाऊ दे. किती सोयीची दया! तुम्हाला समाधान हवं होतं असं मी ठरवलं. तुम्ही मागितली होती साक्ष.

हे मला कळलं ते तुमचं सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी. पाहुणे जेवून पांगले आणि अक्कांनी मला आतल्या खोलीत नेलं. पत्र्याच्या पेटीत तुमची सगळी पाकिटं आणि त्यांच्याखाली दोनशेपानी वह्या. प्रत्येक खूण का केली याच्या नोंदी तुम्ही ठेवायचात, हे माहीत होतं. मीही ठेवायचे. त्या आपण एकमेकांना कधी दाखवल्या नाहीत. अक्का म्हणाल्या, तुमच्या कामाच्या आहेत, घेऊन जा. मी तिथेच खाली फरशीवर बसून सतरा नंबर काढला. तुमचंच लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवते:

'सतरा. यादी माझीच, त्यामुळे जोडी कुठे असायला हवी ते मला आधीच माहीत होतं. तिथे बारीक खूण केली आहे. दिसली म्हणून केली की हवी होती म्हणून, सांगता येत नाही. मंगलला यादी माहीत नाही. तिने न बघता तिथेच खूण केली तरच ठेवायची. नाहीतर काढून टाकायची.'

खाली वेगळ्या शाईत, त्या रविवारचं: 'मंगलला दिसली. ठेवली.'

नाना, म्हणजे ती जोडी कुणीच पाहिली नव्हती. तुम्ही माझ्या भरवशावर ठेवली आणि मी तुमची खूण पाहून धरली. बारा वर्षं आपण ज्या एका गोष्टीला जपलं, ती मी एका वाफेवर उडवली, आणि तुम्ही शेवटच्या दिवसात त्याच जागेवर बोट ठेवून विचारत होतात. मला वाटत होतं की तुम्हाला फुशारकीची गोष्ट आठवते आहे. तुम्हाला शंका खात होती. श्वास पुरत नसताना तुम्ही तो त्या शंकेवर खर्च केलात, आणि मी "हो" म्हणून ती तुमच्याबरोबर पाठवून दिली.

मी आता ते पत्रक कितीही पाहिलं तरी उपयोग नाही. जागा माहीत झालेला डोळा कामाचा नसतो. म्हणून माझ्या एम.एस्सी.च्या दोन मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, नव्याने छापलेली, खुणा नसलेली सहा पत्रकं दिली, त्यांत सतरा मिसळलं. काही सांगितलं नाही. पहिलीने सतरावर एकही खूण केली नाही. दुसरीने एक केली, पार दुसऱ्या टोकाला. मी दोघींचे आभार मानले. एकीने विचारलं, "मॅडम, आमचं चुकलं का?" मी म्हटलं, नाही गं, तुमचं बरोबर आहे.

त्या संध्याकाळी नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. सतरा नंबर मागे घ्यावा, दुसऱ्या वाचकाने पहिल्याच्या खुणा आधी पाहिल्या होत्या. दुसरा वाचक म्हणजे मी. तुमच्या वहीतलं मी त्यात घातलं नाही. का घालायचं? पहिली लबाडी माझीच होती. तुम्हाला जागा आधी माहीत होती हे जगाला सांगून तुमच्या पांढऱ्या केसांना कशाला डाग लावायचा? पण मग ते पत्र दोन दिवस पाठवलं गेलं नाही. तुमची नोंद दडवून केलेली कबुली म्हणजे पुन्हा अर्धीच साक्ष. शेवटी वही घेऊन धुळ्याला आले. अक्कांना सगळं सांगितलं, पाकिटाच्या वाफेपासून दवाखान्यातल्या "हो"पर्यंत. त्या तांदूळ निवडत होत्या. मान खाली घालून खडे बाजूला काढत राहिल्या. मी विचारलं, अक्का, हे पान पत्रात न घालता ठेवू का? नानांच्या नावासाठी?

"त्यास्नी लिखेल शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग तू दपाडस काबर?" लपवायला माझ्याकडे कारण उरलं नाही.

त्या रागावल्या होत्या की नव्हत्या, अजून मला माहीत नाही. मला चहा दिला, पण समोर बसल्या नाहीत. पानाचा फोटो जोडून मी तिथूनच पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की सतरा नंबर जाईल, आणि त्याच्याबरोबर लेखातला तो सगळा शेवटचा भाग, वायू इतक्या लांबवर पोहोचतो हा. उरेल ते चांगलं आहे, खरं आहे, पण इतरांनीही सांगितलेलं आहे. आपलं म्हणून जे होतं ते तेवढंच होतं, नाना. ते मी घालवलं.

परवा तुमच्या गावी शोकसभा झाली, शाळेच्या ओसरीत, सकाळी. फ्लेक्स नवा होता, फोटो तोच फेट्यातला, शेजारी तीच परकी दीर्घिका, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मुख्याध्यापकांनी सांगितलं की नानांनी जगातला सर्वांत लांबचा वायू शोधला. लोकांनी माना डोलावल्या. काही घरांना कुलपं होती, ती माणसं अजून उसावर आहेत. मग मला उठवलं. मी कागद आणला होता, त्यावर तुमच्याबद्दल छान छान लिहिलं होतं. पहिल्या रांगेत थोरले आबा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. ते म्हणाले, "नानानी काय शोधं ते आमले सांग, पोरी. सादं सांग."

मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि साधं सांगितलं. दिवा, भुरका, बैलजोडी, दोन साक्षीदार. पाकीट कसं उघडलं ते सांगितलं. तुमच्या वहीतलं पान वाचून दाखवलं. दवाखान्यात तुम्ही काय विचारलंत आणि मी काय म्हणाले, तेही. मुख्याध्यापक खाली बघत होते. मागे कुणीतरी फ्लेक्सकडे वळून पाहिलं.

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग नाना खोटा व्हता का?"

"नाही आबा," मी म्हटलं. "नाना खरे होते. त्यांनी शंका लिहून ठेवली होती. खोटी मी."

आबांच्या आवाजात राग नव्हता.

"मंग जित्ता व्हता तवय सांगनं व्हतं, पोरी."

मी माझ्या जागेवर जाऊन बसले.